‘शेलिव’ : ताबा आणि मालकी यांवर एक संवाद

आयरिश भाषेत ‘शेलिव’ असा एक शब्द आहे. ताबा, कब्जा, भोगवटा हे त्याचे अर्थ होत. प्राचीन आयरिशमध्ये त्याचे रूप ‘सेल्व’ असे होते, आणि त्याची वंशावळ त्याहूनही मागे जाते. कारण आयरिशची सगोत्र अशी जी गॉल देशाची लुप्त भाषा, तिच्या कोरीव लेखांत ‘लुगुसेल्वा’, म्हणजे लुग या देवतेच्या स्वामित्वातली, असे एका स्त्रीचे नाव आढळते. या एकाच धातूपासून आयरिश लोकांनी किती निरनिराळ्या प्रांतांतली कामे चालविली आहेत! जमिनीत शिरून ती आपलीशी करणे म्हणजे तिची ‘शेलिव’ घेणे, कुळाला घराबाहेर काढणे म्हणजे त्याला ‘शेलिवे’तून घालविणे, व्याकरणातल्या ‘माझा’, ‘तुझा’ या शब्दांचे पारिभाषिक नाव याच धातूचे, आणि मूल आपली भाषा ऐकून ऐकून आत्मसात करते त्या क्रियेलाही नाव याच धातूचे.

तथापि नित्याच्या बोलण्यात आयरिश मनुष्य आपल्या वस्तूंविषयी बोलताना हा शब्द क्वचितच उच्चारतो. पुस्तक जवळ असेल तर तो ‘ता ल्यौर अगम’ म्हणतो, म्हणजे पुस्तक माझ्यापाशी आहे. ते आपल्या मालकीचे आहे असे सांगावयाचे असेल तर ‘इस ल्युम अन ल्यौर’ म्हणतो, म्हणजे पुस्तक माझे आहे. या दोन वाक्यांतील अंतर केवळ व्याकरणाचे की त्यामागे समाजाची काही दृष्टी उभी आहे, या प्रश्नावर दोन विचारी गृहस्थांची जी चर्चा झाली ती येथे संवादरूपाने मांडीत आहे. त्यांपैकी प्राध्यापक हे केल्ट भाषांचे अभ्यासक. रावसाहेबांचे आयुष्य महसूल खात्यात, फेरफार आणि हद्दींचे तंटे निवारण्यात गेलेले.

प्राध्यापक : रावसाहेब, आयरिश भाषेत ‘माझ्याकडे अमुक वस्तू आहे’ हे सांगणारे सकर्मक क्रियापदच नाही, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. इंग्रज मनुष्य स्वतःला कर्त्याच्या आसनावर बसवितो आणि वस्तूला कर्म करून टाकतो. आयरिश वाक्यात कर्तेपण वस्तूकडे असते, आणि मनुष्य हे केवळ त्या वस्तूचे तूर्त राहण्याचे ठिकाण असते. भूक त्याच्यावर असते, दुःख त्याच्यावर असते, प्रेम त्याच्यापाशी असते. धनाविषयी बोलताना तर तो बहुधा ‘किद’ हा शब्द मध्ये घालतो. ‘किद’ म्हणजे वाटा. ‘माझा पैसा’ असे थेट न म्हणता ‘पैशातला माझा वाटा’ असे तो म्हणतो. ज्या भाषेत स्वतःच्या खिशातल्या द्रव्यालाही वाटा म्हणावे लागते, त्या भाषेने आपल्या लोकांना संचयाविषयी काही एक संयम शिकविला असला पाहिजे.

रावसाहेब : आपले विवेचन ऐकावयास मधुर आहे, परंतु मला ते मान्य करवत नाही, आणि त्याचे कारण आपण दोघेही ज्या भाषेत आता बोलत आहोत तीच आहे. मराठीत तरी असे क्रियापद कोठे आहे? ‘माझ्याजवळ पैसे आहेत’, ‘मला दोन मुलगे आहेत’, ‘हे शेत माझे आहे’, अशीच आपली वाक्ये. संस्कृतातही बहुधा ‘मम’ म्हणून काम भागते. आपल्याही वाक्यात कर्तेपण शेताकडेच असते. तरीपण वीतभर बांध कोरल्यावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या डोक्यात काठ्या घालताना मी पाहिले आहेत, आणि त्यांचे जबाब मी माझ्या हाताने लिहून घेतले आहेत. आणि वाटा म्हणाल तर आमच्या कचेरीत त्या शब्दाइतका तंट्याचा दुसरा शब्द नव्हता. हिस्सेदार आला की वाटणीपत्र आले, वाटणीपत्र आले की हरकतीचा अर्ज आला. व्याकरणाने मनुष्याचा लोभ कमी होत असता तर भाऊबंदकी हा शब्द मराठीत जन्मालाच आला नसता.

प्राध्यापक : आपला आक्षेप सबळ आहे, आणि प्रामाणिकपणे बोलावयाचे तर मला त्यात आणखी भर घालावी लागेल. प्राचीन आयरिशमध्ये ‘धारण करणे’, ‘बाळगणे’ या अर्थाचे एक क्रियापद होते. त्यापासूनच कायदेशीर कब्ज्याची त्यांची संज्ञा निघाली. पुढे ते बोलीतून लोपले आणि ‘माझ्यापाशी आहे’ ही रचना सर्वत्र राहिली. शिवाय आयरिश वीरकथांतील जी सर्वांत प्रसिद्ध कथा, ‘तॉइन बो कूल्न्ये’, तिच्या बाराव्या शतकातल्या पोथीत सगळ्या युद्धाचा उगमच मालमत्तेच्या तुलनेतून झालेला आहे. राणी मेव आणि तिचा पती आलिल आपापल्या चीजवस्तू एकमेकांसमोर मांडून मोजतात, पतीपाशी एक शुभ्रशृंग वळू अधिक निघतो, आणि त्याची बरोबरी करण्यासाठी राणी दुसऱ्या प्रांतावर सैन्य घेऊन जाते. तेव्हा ते लोक विरक्त होते असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे याहून लहान आहे, पण ते मी सोडणार नाही. वस्तू कोणापाशी आहे आणि वस्तू कोणाची आहे हे दोन प्रश्न त्या भाषेने कधी एकत्र होऊ दिले नाहीत.

रावसाहेब : हे मात्र माझ्या अनुभवाशी जुळते. ताबा आणि मालकी या दोन बाबी निराळ्या आहेत हे ज्याला कळले त्याला महसुलाचा अर्धा कायदा कळला. सातबाराचा उतारा घ्या. त्यातला सात नंबर जमिनीवर हक्क कोणाचा ते सांगतो आणि बारा नंबर त्या साली तीत पीक कोणते होते ते सांगतो. दोन्ही एकाच कागदावर असतात ते याचसाठी, की एकावरून दुसऱ्याचे अनुमान कोणी परस्पर करू नये. परंतु आपल्या आयरिश लोकांत वहिवाट सिद्ध करण्याची काही रीत होती काय?

प्राध्यापक : होती, आणि ती मोठी विलक्षण होती. ‘शेनखस मार’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या प्राचीन विधिसंग्रहात जमिनीवरील हक्क बजावण्याचे एक प्रकरण आहे. आपल्या पूर्वजांची जमीन दुसऱ्याने बळकावली आहे असे ज्याला वाटे तो हद्दीवरील समाधीचा उंचवटा ओलांडून, साक्षीदार बरोबर घेऊन, दोन घोडे हाती धरून त्या जमिनीत पाऊल टाकी, आणि ठरल्या मुदतीपुरता माघारी फिरे. प्रतिपक्षाने न्यायनिवाड्यास रुकार दिला नाही तर तो दुसऱ्या खेपेस चार घोडे आणि अधिक साक्षीदार घेऊन येई व घोडे तेथे चरावयास सोडी. तिसऱ्या खेपेस आठ घोडे. तेव्हाही उत्तर नाही मिळाले, तर तो त्या जागेत रात्रभर वस्ती करी, तेथे अग्नी पेटवी, जनावरांना चारापाणी करी, आणि जमीन त्याची होई. दावा सांगणारी स्त्री असली तर घोड्यांच्या ऐवजी मेंढ्या आणि पीठ मळण्याची परात.

रावसाहेब : वा! यात तर आमची सगळी कार्यवाही आली. नोटीस आली, मुदत आली, पंच आले, चतुःसीमा आली, आणि अखेर प्रत्यक्ष वहिवाट आली. हद्दीवर पूर्वजांच्या समाधी असाव्यात यातही मर्म आहे. वारसाहक्काचा पुरावा जमिनीतच पुरलेला. आणि चूल पेटल्याशिवाय कब्जा पुरा होत नाही, ही कल्पना मला फारच योग्य वाटते. कागदावर नाव चढविणे सोपे असते. तेथे राहून अन्न शिजविणे ही खरी वहिवाट. पण प्राध्यापकमहाशय, यावरून माझाच पक्ष बळकट होत नाही काय? हक्क शब्दाने निर्माण झाला नाही. तो विधीने, साक्षीने आणि मुदतीने झाला.

प्राध्यापक : विधीने झाला हे खरे, पण त्या विधीला अर्थ होता तो एका विशिष्ट समजुतीमुळे. कुळाची जमीन ही चार पिढ्यांच्या गोतावळ्याची असे. ज्याच्यापाशी ती असे त्याला ती गोताच्या संमतीवाचून परक्यास देता येत नसे. म्हणजे जमीन त्याच्यापाशी असे, आणि गोताची असे. निर्विवाद स्वतःचे जे असेल त्यासाठी ‘दीलिश’ असा एक शब्द त्यांच्या धर्मशास्त्रात होता. आज त्याच शब्दाचा अर्थ ‘एकनिष्ठ’ असा आहे. आयरिश भाषा बोलणाऱ्या गावांत अनोळखी मुलाला अजूनही ‘के लेश हू?’ असे विचारतात, म्हणजे ‘तू कोणाचा?’ मालकीदर्शक शब्दाने तेथे मूल आपल्या माणसांशी बांधलेले असते.

रावसाहेब : ‘तू कुणाचा रे?’ हा प्रश्न आमच्या खेड्यांतही वेशीवरच विचारला जातो, आणि उत्तरात मुलाने स्वतःचे नाव सांगितले तर कोणाचे समाधान होत नाही. मात्र मला पुढचा इतिहास सांगा. गोताची जमीन गोताची राहिली नाही, हे तर उघड आहे.

प्राध्यापक : सोळाव्या शतकाच्या मध्याला आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत इंग्रजांनी एक युक्ती काढली. आयरिश सरदाराने आपला मुलूख राजाच्या चरणी सोडून द्यावा, आणि राजाने तो त्यालाच सनद करून परत द्यावा. वरकरणी काहीच बदलले नाही. तोच सरदार, तीच भूमी. परंतु जाताना जी गोताची होती ती येताना एकट्या सरदाराची झाली. पुढच्या शतकात जप्त्या झाल्या, इंग्लंड-स्कॉटलंडहून माणसे आणून वसविली गेली, आणि जी माणसे त्या मातीत राबत होती ती आपल्याच भूमीवर खंडकरी होऊन बसली. ‘पाशी’ असणारे एक आणि ‘माझे’ म्हणणारे दुसरे, अशी कायमची फाळणी झाली.

रावसाहेब : ही युक्ती मला परकी नाही. सारा गोळा करणाऱ्या जमीनदारास कॉर्नवॉलिसने १७९३ साली बंगालमध्ये जमिनीचा मालक ठरविले, तेव्हा रयतेच्या वाट्याला हेच आले. तोच कॉर्नवॉलिस पुढे १७९८ साली आयर्लंडचा लॉर्ड लेफ्टनंट म्हणून गेला. राज्यकर्त्याला एका गावातल्या शंभर वहिवाटदारांपेक्षा एका मालकाशी व्यवहार करणे सोयीचे असते. आणि त्या सोयीची किंमत शंभरांना मोजावी लागते.

प्राध्यापक : ती किंमत दुष्काळात मोजली गेली. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडून माणसे उपाशी मरू लागली असता, १८४७ च्या गरीब-साहाय्याच्या कायद्यात ग्रेगरी नावाच्या पार्लमेंटच्या सभासदाने एक कलम घातले. पाव एकराहून अधिक जमीन ज्याच्या कब्जात आहे त्याने ती सोडल्यावाचून त्याला सरकारी साहाय्य मिळू नये! म्हणजे ‘शेलिव’ सोडा आणि अन्न घ्या. अनेकांनी सोडली, आणि ज्यांनी सोडली नाही त्यांना शेरीफने बाहेर काढले. १८४९ पासूनच्या सहा वर्षांत पोलिसांच्या नोंदीप्रमाणेच सुमारे अडीच लाख माणसे घरावाचून झाली. कब्जा घेण्याची रीत अशी होती की घरातली सर्व माणसे बाहेर काढावयाची, भांडीकुंडी अंगणात फेकावयाची, चुलीतला विस्तव विझवावयाचा, आणि पुष्कळ ठिकाणी छप्परही पाडावयाचे. प्राचीन धर्मशास्त्रात ज्या अग्नीने हक्क पूर्ण होत असे, तो अग्नी विझवून या नव्या कायद्याने हक्क संपविला.

रावसाहेब : (काही वेळाने) मी माझ्या नोकरीत कब्जे दिले आहेत आणि कब्जे घेतलेही आहेत. कायदेशीर हुकूम हाती असतानाही ते काम हलक्या मनाने कधी झाले नाही. पण या अन्यायाचा परिहार शेवटी कशाने झाला ते पाहा. मायकेल डेव्हिट नावाचा मेयो परगण्यातला मुलगा चार वर्षांचा असताना त्याच्या कुटुंबाला घराबाहेर काढले. पुढे इंग्लंडात सुताच्या गिरणीत त्याचा एक हात गेला. त्याने १८७९ साली लँड लीग उभारण्यात पुढाकार घेतला. त्या चळवळीपुढे १८८१ च्या कायद्याने वाजवी खंड, कुळाचा कायमपणा आणि आपला हक्क विकण्याची मोकळीक या तीन गोष्टी दिल्या, आणि १९०३ च्या कायद्याने सरकारी कर्जातून शेतकऱ्यांनी जमिनी विकत घेतल्या. आता मुद्दा असा की डेव्हिटचे स्वतःचे मत जमीन राष्ट्राची व्हावी असे होते, आणि ते मत लोकांनी स्वीकारले नाही. आयरिश शेतकऱ्याला आपल्या नावाचा कागद हवा होता. ज्या लोकांच्या भाषेत म्हणे मनुष्य हे वस्तूचे तात्पुरते ठिकाण असते, त्यांनी संधी मिळताच मालकी मागितली.

प्राध्यापक : मागितली, आणि ती मागण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. जो मनुष्य साडेतीनशे वर्षे एका तुकड्यावर राबला आणि ज्याला एका नोटिशीने रस्त्यावर आणता येत होते, त्याला केवळ ‘अगम’ पुरेसे कसे वाटावे? त्याला ‘अगम’ आणि ‘ल्युम’ एकाच बांधाच्या आत हवे होते. त्याच्या भाषेने हे दोन शब्द निराळे ठेवले होते म्हणूनच आपल्याला काय मिळाले आहे आणि काय मिळालेले नाही हे त्याला नेमके सांगता येत होते. आपल्याकडे १९४८ च्या कुळकायद्याने ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा अंमलात आणली तेव्हा तरी दुसरे काय झाले?

रावसाहेब : तेच झाले. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी लाखो कुळे कायद्याने मालक मानली गेली. कसणाऱ्याच्या वहिवाटीला मालकीचा मान मिळाला. परंतु त्याही कायद्याला मर्यादा होत्या, आणि आमच्या महसुलाच्या भाषेत तर खातेदाराला आजही ‘भोगवटादार’ म्हणतात. जमीन त्याच्या भोगात आहे, ती तो विकू शकतो, वारसांना देऊ शकतो. तथापि सारा देण्याचे बंधन त्याला सुटत नाही. तेव्हा ‘पाशी’ आणि ‘माझे’ यांच्यातली रेषा पूर्ण पुसली जात नाही, ही आपली गोष्ट मी कबूल करतो. ती रेषा भाषेने आखली हे मात्र मी कबूल करणार नाही. ती कायद्याने आखली आणि गरजेने आखली.

प्राध्यापक : मग आयर्लंडच्या राज्यघटनेचेच उदाहरण घेऊ. १९३७ च्या त्या घटनेचे दोन पाठ आहेत, आयरिश आणि इंग्रजी, आणि दोहोंत विरोध आला तर आयरिश पाठ प्रमाण. तिचे ४३ वे कलम खाजगी मालमत्तेच्या हक्काचे आहे. इंग्रजी पाठात तेथे खाजगी मालकीची सरळ संज्ञा येते. आयरिश पाठात लौकिक धन मनुष्याच्या ‘पाशी’ असावे आणि ते त्याच्या स्वतःच्या ‘किद’पैकी, म्हणजे वाट्यापैकी, असावे अशी रचना आहे. आणि लगेच पुढे तेच कलम सांगते की या हक्काच्या वापराला सामाजिक न्यायाच्या तत्त्वांनी मर्यादा घालणे उचित आहे. मालकासाठी आयरिश लोक आज ‘ऊन्येर’ म्हणतात. तो शब्द त्यांनी इंग्रजीतून उचललेला आहे. घटनेच्या वाक्यात मात्र त्यांच्या घरचे शब्द आले, आणि त्या शब्दांत हक्कही मावला व मर्यादाही मावली.

रावसाहेब : मर्यादा इंग्रजी पाठातही आहे, म्हणून तिचे श्रेय मी शब्दांना देत नाही. पण आपण भाषेविषयी इतके बोललात म्हणून विचारतो. ही भाषा आज कोणाच्या कब्जात आहे?

प्राध्यापक : फार कठीण प्रश्न विचारलात. भाषा येते हे सांगताना ते ‘ता गेलगे अगम’ म्हणतात, म्हणजे आयरिश माझ्यापाशी आहे. घटनेच्या ८ व्या कलमाने ती राष्ट्रभाषा आणि पहिली राजभाषा आहे. २०२२ च्या शिरगणतीत ती येते असे आयरिश प्रजासत्ताकातल्या सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी सांगितले. शाळेबाहेर रोज ती बोलणारे निघाले सुमारे ७२ हजार.

रावसाहेब : म्हणजे सात नंबरावर नाव आहे आणि बारा नंबरावर जमीन पडीत. याचा निकाल काय लागतो ते मी सांगावयास नको.

येथे दोघेही थांबले. त्यांच्या वादाचा निवाडा करावयाचा तर मला असे वाटते की, व्याकरण लोकांचा स्वभाव घडविते हा प्राध्यापकांचा आरंभीचा पक्ष टिकला नाही. मराठीच्या आणि प्राचीन आयरिशच्या साक्षीने रावसाहेबांनी आणि स्वतः प्राध्यापकांनीही तो खोडून काढला. परंतु भाषा दोन प्रश्न निराळे ठेवते, आणि ते निराळे राहिले म्हणजे अन्याय कोठे झाला हे दाखविता येते, हे त्यांचे म्हणणे टिकले. कोणापाशी आहे याचे उत्तर देऊन कोणाचे आहे हा प्रश्न मिटवू पाहणारा बळजोर असतो. कोणाचे आहे याचा कागद दाखवून कोण राबतो आहे हा प्रश्न मिटवू पाहणारा त्याहून कमी बळजोर नसतो. आयर्लंडच्या इतिहासात हे दोन्ही अपराध घडले.

आणि वाचकांना एवढेच सांगणे आहे की भाषेच्या बाबतीत कायदा मालकी देऊ शकतो, वहिवाट देऊ शकत नाही. ‘शेलिव’ या धातूचाच शब्द मुलाने भाषा मिळविण्याला लावून आयरिश लोकांनी ही गोष्ट मान्य केलेली आहे. मूल ती राजपत्रातून मिळवीत नाही, घरात ऐकून मिळविते. आयरिश भाषेला तिच्या राष्ट्राने घटनेत पहिले स्थान दिले आणि रोजच्या बोलण्यात ते देता आले नाही. ज्यांच्या घरी मराठी अजून रोज बोलली जाते त्यांनी, मग ते मुंबईत असोत, इंदुरात असोत की सातासमुद्रांपलीकडे, आपल्या मुलांशी मराठीतच बोलावे. तिची वहिवाट दुसरे कोणीही चालवू शकत नाही.